मांजराच्या केसांतील गाठी घरच्या घरी कशा काढाव्यात: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

लांब केसांच्या मांजराच्या अंगावर गाठ हाताला लागली की बहुतेक घरांत एक ठरावीक क्रम घडतो. आधी मांजराला अंघोळ घातली जाते, मग ओल्या केसांतून कंगवा ओढला जातो, कंगवा अडला की कात्री हातात येते आणि शेवटी टाके घालण्यासाठी पशुवैद्याकडे धाव घ्यावी लागते. यातील प्रत्येक कृती पुढचीला अधिक धोकादायक करते. पाणी लागले की गुंतलेले केस एकमेकांत आवळले जातात आणि सुकताना गाठ आणखी घट्ट होते. ओढल्यामुळे गाठीखालची त्वचा तंबूसारखी वर उचलली जाते. आणि मांजराची त्वचा मुळातच पातळ व सैल असल्याने ती वर आलेली घडी कात्रीच्या दोन पात्यांमध्ये नकळत सापडते. हे टाळायचे असेल तर हत्यारापेक्षा क्रमाकडे अधिक लक्ष द्यावे लागते आणि प्रत्येक निर्णय गाठीखालची त्वचा कोणत्या अवस्थेत आहे यावरून घ्यावा लागतो.

पुढील पद्धत मुख्यतः पर्शियन, हिमालयन आणि त्यांच्या संकरातील मांजरांसाठी आहे. आखूड केसांच्या, पण म्हाताऱ्या किंवा फार लठ्ठ झालेल्या मांजरांनाही पाठीवर आणि कमरेपाशी गाठी होतात. त्यांनाही हेच टप्पे लागू पडतात.

टप्पा १: गाठी शोधणे आणि त्यांची प्रत ठरवणे

या टप्प्यात कोणतेही साधन वापरायचे नाही, फक्त बोटे वापरायची. मांजर जेवून निवांत बसलेले असताना, नेहमी कुरवाळता तसेच कुरवाळत, बोटांची टोके केसांच्या मुळापर्यंत नेऊन सर्व अंग चाचपावे. वरचे केस मऊ व मोकळे लागले म्हणून समाधान मानू नये, कारण गाठ आतल्या बारीक लवेत, त्वचेलगत तयार होते आणि वरून दिसेपर्यंत ती बरीच जुनी झालेली असते. कानांच्या मागे, गळपट्ट्याखाली, पुढच्या पायांच्या काखेत, पोटावर, जांघेत, मांड्यांच्या मागच्या बाजूला आणि शेपटीच्या मुळाशी विशेष लक्ष द्यावे. नसबंदी न झालेल्या बोक्यांत शेपटीच्या मुळावरील ग्रंथींतून तेलकट स्राव येतो आणि तेथील केस चिकटून गाठी धरतात, त्यामुळे ती जागा बोक्यांत हमखास पाहावी.

गाठ सापडली की ती अंगठा आणि तर्जनीत हलकेच धरावी आणि न ओढता किंचित डावीकडे-उजवीकडे हलवावी. आता तीनपैकी कोणती अवस्था आहे ते ठरवता येते.

पहिली अवस्था सुट्या गाठीची. गाठ आणि त्वचा यांच्यामध्ये मोकळ्या केसांचा भाग असतो, तेथे बोटाचे टोक सहज जाते आणि गाठ हलवली तरी त्वचा हलत नाही. अशी गाठ हाताने व फणीने सुटते.

दुसरी अवस्था घट्ट गाठीची. बोट आत जात नाही, पण फणीचे दात गाठ आणि त्वचा यांच्यामधून जेमतेम सरकतात. गाठ हलवली की त्वचाही थोडी हलते. अशी गाठ विंचरून सोडवण्याचा हट्ट धरू नये. ती केस कापण्याच्या मशीनने काढावी, आणि तीही तुमचा हात बसलेला असेल तरच.

तिसरी अवस्था म्हणजे एकेकट्या गाठी एकमेकांना जोडल्या जाऊन केसांचा सलग थर तयार झालेला असतो. बोट, फणी काहीच आत जात नाही आणि गाठ हलवली की त्या बाजूची सगळी त्वचा सोबत सरकते. हे काम घरचे नाही.

*तपासणी:* अंग चाचपताना प्रत्येक गाठीची जागा आणि अवस्था कागदावर लिहून ठेवली आहे का? काम अनेक दिवस चालणार असल्याने ही नोंद नसेल तर काखेतली किंवा जांघेतली एखादी गाठ हमखास राहून जाते.

टप्पा २: घरी हात लावू नये अशी लक्षणे

साहित्य आणण्याआधी हा टप्पा पार करावा. गाठीखालची त्वचा लाल, ओलसर किंवा दुर्गंधीयुक्त असेल, गाठ ओली होऊन चिकट स्राव येत असेल, गाठीमुळे मांजर पाय आखडून चालत असेल, शौचाची जागा केस व विष्ठेने बंद झाली असेल, किंवा त्या जागी हात नेताच मांजर किंचाळत असेल, तर थेट पशुवैद्याकडे जावे. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, मुंबईत आणि गोव्यात जिथे हवा आठवडेच्या आठवडे दमट असते, तिथे घाण अडकलेल्या ओल्या गाठीखालच्या जखमेवर माश्या बसून अळ्या पडू शकतात. वास येत असेल आणि मांजर एकच जागा सतत चाटत असेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

गाठींच्या आसपास केस गळून गोल चट्टे पडले असतील आणि त्यांवर कोंडा दिसत असेल, तर गजकर्णाची शक्यता असते. पर्शियन मांजरांत हा बुरशीजन्य संसर्ग बऱ्याचदा आढळतो आणि तो माणसांना, त्यातही लहान मुलांना, लागतो. निदान होईपर्यंत हातमोजे घालावेत आणि त्या मांजराची फणी दुसऱ्या मांजराला वापरू नये.

तिसऱ्या अवस्थेतील गाठींसाठी पशुवैद्य बहुधा गुंगीचे औषध देऊन केस उतरवतात. वेळ घेताना मांजराचे वय, जात आणि आधीचे आजार आवर्जून सांगावेत, कारण चपट्या तोंडाच्या जातींचा श्वसनमार्ग अरुंद असल्याने गुंगीच्या वेळी अधिक दक्षता घ्यावी लागते. किती तास उपाशी ठेवायचे हेही त्यांनाच विचारावे.

*इशारा:* मांजर शांत राहावे म्हणून माणसांची झोपेची, ॲलर्जीची किंवा वेदनाशामक गोळी स्वतःच्या मनाने कधीही देऊ नये. पॅरासिटामोलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ते औषध निर्धोकपणे पचवण्याची क्षमता मांजराच्या यकृतात नसते.

टप्पा ३: साहित्य जमवणे

फार वस्तू लागत नाहीत, पण आहेत त्या योग्य हव्यात. गोल टोकांच्या दातांची धातूची फणी हे मुख्य साधन आहे. तिचे अर्धे दात विरळ आणि अर्धे दाट असावेत. प्लॅस्टिकचा कंगवा वाकतो, त्याचे दात गाठीवरून घसरतात आणि केसांत वीज तयार होऊन मांजर दचकते. बारीक वाकड्या तारांचा चौकोनी ब्रश उपयोगी असला, तरी तो गाठ सोडवण्यासाठी नसून सुटलेले केस उचलण्यासाठी आहे. एकाच जागी तो दाबून फिरवला तर त्वचेवर ओरखडे उठतात, म्हणून आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवून किती दाब टोचतो ते पाहावे.

मशीन घेणार असाल तर पाळीव प्राण्यांसाठीचे, कमी आवाजाचे घ्यावे आणि त्याला १० क्रमांकाचे पाते असावे. हे पाते साधारण दीड मिलिमीटर केस शिल्लक ठेवते, त्यामुळे नवख्या हातासाठी ते त्यातल्या त्यात सुरक्षित आहे. एक दात लांब आणि एक आखूड अशी पाती मांजरासाठी घेऊ नयेत. त्यांच्या फटीत सैल त्वचा अडकते. पात्यावर बसवायची प्लॅस्टिकची टोपणेही काढून ठेवावीत, कारण ती गाठीत जातच नाहीत. दाढीचा छोटा ट्रिमर पंजाजवळच्या चिमूटभर गाठीपुरता चालतो. मोठ्या गाठीत तो अडकतो आणि केस उपटतो.

वाकड्या धारदार पात्यांचे गाठ चिरण्याचे साधन दुकानात सहज मिळते आणि दुकानदार तेच आधी दाखवतो. पाठीवरच्या सुट्या गाठीवर, धार त्वचेपासून दूर ठेवून ते वापरता येते, परंतु काख, पोट आणि जांघ येथे नवख्याने ते वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

याखेरीज किराणा दुकानात मिळणारे पांढरे कॉर्नफ्लोर, एक जाड टॉवेल, न घसरणारी चटई आणि चाटता येईल असा खाऊ तयार ठेवावा. मीठ-मसाला न घातलेले उकडलेले चिकन त्याच्याच पाण्यात बारीक वाटून घेतले तरी पुरते. त्यात कांदा किंवा लसूण अजिबात नको; दोन्ही मांजराला विषारी आहेत.

गाठीवर काय लावू नये

या एका बाबतीत इतक्या चुका होतात की ती स्वतंत्रपणे मांडणे भाग आहे. मांजराच्या अंगावर जे लावले जाते ते काही वेळाने त्याच्या पोटात जाते, कारण ते चाटल्याशिवाय राहत नाही. खोबरेल तेलाने गाठ मऊ होईल अशी समजूत सर्वत्र आहे. प्रत्यक्षात तेलावर धूळ आणि लिटरचे (मांजराच्या शौचपेटीतील रेतीचे) कण बसतात, गाठ जड होते, मशीनचे पाते चिकटते आणि चाटल्यामुळे मांजराला जुलाब होऊ शकतात. माणसांचा कंडिशनर, टॅल्कम पावडर, टी ट्री तेलासारखी सुगंधी तेले, रॉकेल, फिनेल आणि क्लोरोझायलेनॉल असलेली जंतुनाशके यांपैकी काहीही वापरू नये. गाठीत पिसवा दिसल्या म्हणून कुत्र्यासाठी आणलेले औषध लावणे तर अत्यंत घातक आहे. त्यातील परमेथ्रिनमुळे मांजराला झटके येतात आणि मृत्यूही ओढवतो.

टप्पा ४: मांजराची आणि जागेची तयारी

मशीन आणि फणी प्रत्यक्ष वापरण्याच्या काही दिवस आधीपासून मांजराच्या खाण्याच्या जागेजवळ ठेवावीत. मशीन दुसऱ्या खोलीत चालू करून त्याच वेळी खाऊ द्यावा आणि रोज थोडे जवळ आणावे. ही तयारी कंटाळवाणी वाटते आणि म्हणूनच सर्वांत आधी गाळली जाते. पण आवाजाला बुजलेले मांजर ऐन वेळी झटका देते आणि जखमा त्याच क्षणी होतात.

कामाच्या एक दिवस आधी नखांची टोके कापून घ्यावीत. वेळ खेळून आणि खाऊन झाल्यानंतरची निवडावी. दार-खिडक्या बंद कराव्यात, पंख्यामुळे केस उडत असतील तर तो मंद ठेवावा आणि मांजराला कंबरेच्या उंचीच्या स्थिर टेबलावर, चटई घालून बसवावे. दोन माणसे असावीत. एकाने मांजराची छाती आणि खांदे हलक्या हाताने सांभाळत खाऊ चाटवावा आणि दुसऱ्याने फक्त गाठीकडे पाहावे. मांजर वळवळत असेल तर टॉवेलमध्ये सैलसर गुंडाळून ज्या भागावर काम करायचे तेवढाच बाहेर ठेवावा. मानगूट धरून लटकवणे किंवा दाबून ठेवणे टाळावे. मांजर त्या क्षणी गोठल्यासारखे निश्चल होते ते भीतीने, आणि पुढच्या वेळी फणी पाहताच पळते.

*इशारा:* मांजर तोंड उघडून धापा टाकू लागले तर काम त्याच क्षणी थांबवावे, त्याला मोकळे सोडावे आणि हवेशीर, शांत जागी राहू द्यावे. काही मिनिटांत श्वास पूर्ववत झाला नाही तर पशुवैद्य गाठावा.

टप्पा ५: सुटी गाठ हाताने आणि फणीने सोडवणे

सुरुवात सोप्या जागेपासून करावी. खांदा किंवा बरगडीवरची एखादी सुटी गाठ निवडावी. पोट, काख आणि जांघ शेवटी. पहिल्याच दिवशी पोटाला हात घातला तर मांजर पुढे कुठलीच जागा देत नाही.

१. केस पूर्ण कोरडे आहेत याची खात्री करून गाठीवर चिमूटभर कॉर्नफ्लोर टाकावे आणि बोटांनी गाठीच्या आतपर्यंत चोळावे. त्यामुळे केसांमधील घर्षण कमी होते. चेहऱ्याजवळ पीठ उडवू नये.

२. डाव्या हाताच्या अंगठा-तर्जनीने गाठीच्या खालचे मोकळे केस, त्वचेला अगदी लागून, घट्ट धरावेत. उजव्या हाताने कितीही ओढले गेले तरी ताण या चिमटीपर्यंतच पोहोचला पाहिजे. संपूर्ण पद्धतीतील सर्वांत महत्त्वाची कृती हीच आहे.

३. बोटांनी गाठ टोकाकडून उकलायला घ्यावी. एका वेळी पाच-दहा केस बाजूला काढायचे, पुन्हा थोडे पीठ, पुन्हा थोडे केस. गाठ मधोमध फाटून दोन-तीन लहान गाठी झाल्या तर उत्तम.

४. बोटांचे काम संपले की फणीच्या विरळ दातांची फक्त टोके गाठीच्या बाहेरच्या कडेत घालून बाहेरच्या दिशेने छोटा झटका द्यावा. फणी तीन-चार मिलिमीटरपेक्षा जास्त आत घालू नये. तेवढा भाग मोकळा झाला की त्वचेच्या दिशेने आणखी तेवढेच सरकावे. मुळापासून टोकाकडे एकदम फणी ओढणे ही सर्वत्र दिसणारी चूक आहे. तिने सगळा गुंता टोकाशी जमा होऊन आवळतो.

५. विरळ दात मुळापासून टोकापर्यंत न अडता जाऊ लागले की दाट दातांनी तीच जागा विंचरावी आणि निघालेली लव बाजूला ठेवावी. ती मांजराने गिळू नये.

एका बैठकीला पाच ते दहा मिनिटे पुरेशी आहेत. गाठ अर्धीच सुटली असली तरी वेळ संपली की थांबावे. अर्धी सुटलेली गाठ दुसऱ्या दिवशीही सुटते, पण बिथरलेले मांजर दुसऱ्या दिवशी हाती लागत नाही.

वेळेआधी थांबण्याच्या खुणा मांजर स्वतःच देते. शेपटीचे टोक सपासप हलू लागते, कान बाजूला वळतात, पाठीवरची त्वचा लाटेसारखी थरथरते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. मांजर घुरघुरत आहे म्हणजे त्याला आवडते आहे असे गृहीत धरू नये. वेदनेतही मांजरे तसा आवाज काढतात. पाठीची त्वचा थरथरली की हात काढावा, खाऊ द्यावा आणि त्या दिवशी ती जागा सोडावी.

*इशारा:* मांजराने चावा घेतला किंवा ओरखडले, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. मांजराचे दात बारीक आणि खोल रुततात, त्यामुळे वरून लहान दिसणारी जखम आत लवकर पिकते. रेबीज प्रतिबंधक लस घ्यावी का, याचा निर्णयही डॉक्टरांवर सोपवावा. मांजर घरचे आहे म्हणून ही भेट टाळू नये.

टप्पा ६: घट्ट गाठ मशीनने काढणे

कात्री वापरायचीच नाही हे आधी पक्के ठरवावे. गाठ आणि त्वचा यांच्यामध्ये फणी घालून फणीच्या वर कात्रीने कापण्याचा सल्ला अनेक जण देतात. फणी पूर्ण आत गेली असेल, मांजर हलले नाही आणि त्वचेची घडी दातांमधून वर आली नाही, या तिन्ही गोष्टी जमल्या तरच तो सुरक्षित ठरतो. टेबलावरच्या चिडलेल्या मांजराच्या बाबतीत या तिन्ही एकत्र जमतील असे धरून चालता येत नाही.

मशीन चालवण्यापूर्वी गाठीभोवतीचे मोकळे केस बाजूला विंचरून गाठीची कड उघडी करावी. त्यानंतर डाव्या हाताने गाठीच्या मागची त्वचा सपाट ताणून धरावी. येथे हात नेमका उलट जातो: स्वाभाविकपणे आपण गाठ पकडून वर उचलतो, म्हणजे पाते खाली शिरेल असे वाटते. परंतु गाठीबरोबर त्वचाही वर येते आणि पाते घडीच्या आरपार जाते. गाठ उचलायची नाही, त्वचा ताणायची.

पाते त्वचेला समांतर, आडवे ठेवावे. त्याचे टोक त्वचेत रोखलेले नसावे. केसांच्या वाढीच्या दिशेने, गाठीच्या एका कडेखालून, दाब न देता मशीन हळूहळू पुढे सरकू द्यावे. पाते अडले तर ढकलू नये. मागे घेऊन दुसऱ्या कडेने सुरुवात करावी. गाठ उलगडल्यासारखी एका बाजूने सुटत जाते, आणि सुटलेला भाग तुमच्या हातात न ओढता केवळ आधार म्हणून असावा. दर एक-दोन मिनिटांनी पाते स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून पाहावे. ते कोमट लागले तरी थांबून गार होऊ द्यावे आणि तेलाचा थेंब सोडावा. तापलेल्या पात्याचा चटका त्याच वेळी दिसत नाही, दुसऱ्या दिवशी लाल पट्टा उठतो.

काखेतील गाठ सर्वांत अवघड. पुढचा पाय वर किंवा पुढे घेतला की छाती आणि पाय यांच्यामध्ये त्वचेचा पातळ पडदा ताणला जातो. प्रकाशाकडे धरला तर त्यातील शिरा दिसाव्यात इतका तो पातळ असतो. गाठ बहुधा याच पडद्यावर बसलेली असते आणि केसांमुळे पडद्याची कड कुठे संपते ते कळत नाही. मशीन चालू करण्याआधी बोटाने ती कड शोधून काढावी, तिच्यावर बोट ठेवूनच काम करावे आणि पाते कडेपासून आत, छातीच्या दिशेने न्यावे. कड सापडत नसेल तर ही गाठ पशुवैद्यासाठी ठेवावी. मागच्या मांडीपुढे, पोटाच्या बाजूलाही अशीच त्वचेची घडी असते.

पोटावर काम करताना स्तनाग्रे आधी बोटांनी शोधावीत. ती बोक्यांनाही असतात आणि केसांत दिसत नाहीत. कानाच्या मागची गाठ काढताना कानाची बाहेरची कड व तिच्या खालच्या भागातील नैसर्गिक छोटी दुमड लक्षात ठेवावी. ती गाठीचा भाग समजून कापली गेल्याची उदाहरणे आहेत.

*तपासणी:* प्रत्येक गाठ निघाल्यावर, पुढच्या गाठीकडे वळण्याआधी, उघड्या पडलेल्या त्वचेवर कोरडा पांढरा कापूस हलकेच टेकवावा. बारीक चीर डोळ्यांना दिसत नाही, पण कापसावर रक्ताचा ठिपका उमटतो.

त्वचा कापली गेलीच तर स्वच्छ कापडाने काही मिनिटे दाब द्यावा. हळद भरू नये. मांजर ती चाटून काढते आणि जखम किती खोल आहे हे पशुवैद्याला दिसत नाही. चिरेच्या कडा एकमेकींपासून दूर झाल्या असतील तर टाक्यांची गरज असते, आणि रक्त थांबले म्हणून ती गरज संपत नाही.

टप्पा ७: गाठीखालची त्वचा पाहणे

गाठ निघालेली जागा गुलाबी दिसणे आणि तेथे थोडा कोंडा असणे अपेक्षित आहे. हवा लागली की ते एक-दोन दिवसांत निवळते. गडद लाल, ओली किंवा निळसर जागा मात्र दाखवून घ्यावी. काळे दाणे दिसले तर ते ओल्या पांढऱ्या कागदावर घासावेत. तपकिरी-लाल डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा आहे आणि मांजरासाठीचेच पिसवांचे औषध पशुवैद्याकडून घ्यावे लागेल. कानाजवळची मोठी गाठ निघाल्यावर मांजर जोराने मान झटकू लागले तर कानाच्या पाळीत रक्त साकळून ती फुगू शकते, म्हणून पुढील दोन दिवस कान रोज चाचपावेत.

केस उतरवलेल्या जागी मांजर सतत चाटत राहिले तर त्वचा पुन्हा सोलवटते. अशा वेळी गळ्याभोवती संरक्षक कॉलर घालावी. फिकट रंगाच्या मांजराला मोकळ्या उन्हात बसू देऊ नये. केस पूर्ववत व्हायला काही महिने लागतात. हिमालयन किंवा सयामी वळणाच्या मांजरांत नवे केस आधीपेक्षा गडद येऊ शकतात, कारण त्यांच्या केसांचा रंग त्वचेच्या तापमानावर ठरतो आणि उघडी त्वचा थंड राहते. पुढच्या केसगळतीनंतर तो फरक बहुधा निघून जातो.

टप्पा ८: अंघोळ, आणि तीही लागली तरच

सर्व गाठी निघाल्याशिवाय पाणी नको. दाट दातांची फणी मानेपासून शेपटीपर्यंत आणि हनुवटीपासून पोटाच्या टोकापर्यंत न अडता गेली तरच अंघोळीचा विचार करावा. कोमट पाणी, मांजरासाठीचा शॅम्पू, केस चोळून फेस न काढता वाढीच्या दिशेने हात फिरवणे आणि साबणाचा अंश राहणार नाही इतके धुणे एवढे पुरे. टॉवेलने पुसताना घासू नये, दाबून पाणी टिपावे. केस मुळापर्यंत सुकेपर्यंत मधूनमधून विंचरत राहावे. अर्धवट सुकलेले मांजर तसेच झोपू दिले तर काखेत आणि पोटावर रात्रीतून नव्या गाठी धरतात. जुलै-ऑगस्टमध्ये घरात कपडेच वाळत नसतील तेव्हा अंघोळ पुढे ढकलावी आणि घाण झालेला भाग ओल्या कापडाने पुसून लगेच कोरडा करावा.

टप्पा ९: पुन्हा गाठी होऊ नयेत म्हणून

विंचरूनही गाठी होतात अशी तक्रार असते तेव्हा विंचरणे बहुधा वरच्या वर झालेले असते. डाव्या हाताने केस उलटे दाबून धरावेत, खालची त्वचेची रेघ उघडी करावी आणि त्या रेघेपासून एक पातळ थर खाली विंचरावा; मग बोटभर वर सरकून पुढचा थर घ्यावा. पर्शियन मांजरासाठी हे रोज, थोडा थोडा भाग घेऊन करावे. थंडी ओसरून उन्हाळा लागताना केस जास्त गळतात, त्या काळात एकही दिवस चुकवू नये. शौचाच्या जागेभोवतीचे आणि मांड्यांच्या मागचे केस मशीनने आखूड ठेवले तर लिटर आणि विष्ठा अडकत नाही. घरातच राहणाऱ्या मांजराच्या गळ्यात पट्टा ठेवायचाच असेल तर रात्री तो काढावा.

आतापर्यंत स्वतःला नीट चाटून स्वच्छ ठेवणाऱ्या मांजराला अचानक गाठी होऊ लागल्या, तर फणीच्या आधी त्याच्या तब्येतीकडे पाहावे. पाठीच्या मागच्या अर्ध्या भागावर गाठी असतील तर सांधे दुखत असल्याने किंवा वजन वाढल्याने तिथपर्यंत तोंड पोहोचत नसावे. सगळ्या अंगावर केस चिकट आणि विस्कटलेले दिसत असतील तर दात व हिरड्यांचे दुखणे, मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह किंवा थायरॉइडचा त्रास यांची तपासणी करून घ्यावी लागते. पशुवैद्याकडे जाताना गाठी कधीपासून आणि कोणत्या जागी आहेत, गेल्या काही महिन्यांत वजन किती बदलले, मांजर पाणी जास्त पिते आहे का, उंच जागी उडी मारणे टाळते आहे का आणि एका बाजूनेच चावून खाते आहे का, हे लिहून न्यावे. टप्पा १ मध्ये केलेली गाठींची नोंदही सोबत असावी.